पुतळाबाईचा पर्कोलेटर

"म्या डूख धरते," असं पुतळाबाई स्वतःच सांगायची. सांगताना तिला लाज वाटत नसे. कुणाला मधुमेह असतो, कुणाला गुडघेदुखी, तिला डूख होता. साठीला टेकलेली, पाच फुटांच्या आत मावणारी ही बाई ईट गावाच्या पलीकडं, माळाला चिकटून असलेल्या एका गावात एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगी दीक्षा कळंबला एसटीत कंडक्टर. आणि डूख होता तो एकाच माणसावर. आण्णासाहेबांवर.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत खिचडी शिजवायला पुतळाबाईची नेमणूक झाली होती. पहिल्याच दिवशी तिनं घरून लसूण नेला, मटकी निवडून घातली, फोडणी अशी दिली की मास्तर वर्गातून उठून बघायला आले. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं घरून डबे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी भीमनगरातली आठ पोरं तेवढी जेवली आणि बाकीचं पातेलं भरलेलंच राहिलं. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं पोरांनी खायचं नाही, हे गावात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. बोलायची गरजच पडली नाही.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष आण्णासाहेब. ते आले, पातेल्यात डोकावले आणि मधात घोळून बोलले, "पुतळाबाई, धुरानं डोळं जातील तुझं. तू आता आराम कर." मग म्हणाले, "आन हे वाया नगं घालवायला." पातेलं ट्रॅक्टरवर चढलं आणि पुतळाबाईची खिचडी आण्णासाहेबांच्या गोठ्यातल्या म्हशींनी खाल्ली. चौथ्या दिवशी शाळेच्या चुलीपुढं आण्णासाहेबांची चुलत भावजय हातात डाव घेऊन उभी होती. पुतळाबाईनं अर्ज केला, पण तो अर्ज कुठल्या टेबलाखाली मेला ते कुणालाच कळलं नाही. ती परत खुरप्याला गेली. दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये वाकून खुरपताना तिच्या डोळ्यांसमोर त्या म्हशी यायच्या. रवंथ करणाऱ्या.

पुढं माळावर पवनचक्क्या आल्या. त्यांच्याबरोबर शिवशंकर नावाचा कोइमतूरचा इंजिनिअर आला. पायाचं काम चालू होतं तेव्हा तो माळावरच तंबू ठोकून राहिला, मग रस्त्याकडेला तीन खोल्यांचं रेस्टहाउस झालं. त्याला स्वयंपाकाला बाई हवी होती. त्यानं एकच प्रश्न विचारला, "अम्मा, तिखट कम डालेगी?" पुतळाबाई हो म्हणाली. ते काही तिला कधी जमलं नाही, पण नोकरी टिकली.

शिवशंकरचा जीव होता एका स्टीलच्या उभ्या भांड्यात. त्याला तो पर्कोलेटर म्हणायचा. खाली पाणी, मधोमध एक नळी, नळीवर भोकाभोकांची डबी, डबीत कॉफीची पूड, आणि झाकणाच्या टोकाला काचेची गोटी. पाणी तापलं की नळीतून वर उसळी मारतं, पुडीवर पडतं, गाळून खाली येतं, पुन्हा वर जातं. आत काय चाललंय ते काचेतून दिसतं. पुतळाबाईनं पहिल्या दिवशी कुठलीही मराठी बाई करेल तेच केलं. दूध, साखर, आल्याचा तुकडा आणि कॉफी, सगळं एकदम भांड्यात घालून गॅस मोठा केला. नळी तुंबली, झाकण उडालं आणि दूध भिंतीवर गेलं. शिवशंकर डोक्याला हात लावून बसला, मग उठला आणि तिच्यासोबत भिंत पुसायला लागला. साहेब माणूस आपल्याबरोबर फडकं मारतोय हे पुतळाबाईनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं त्याच क्षणी ठरवलं की या माणसाला जगातली सगळ्यात चांगली कॉफी पाजायची.

आणि ती शिकली. त्याच्या गावाहून भाजलेल्या बिया यायच्या, त्या ती खलबत्त्यात ज्वारीच्या कण्यांसारख्या भरड कुटायची. बारीक कुटल्या तर गाळ कपात उतरतो. पाणी गार घ्यायचं. काचेत पहिला बुडबुडा उडाला की आच एकदम बारीक करायची. धो धो उकळू दिलं की कॉफी कडूजहर. काचेतला रंग मधासारखा झाला, त्याच्या थोडा पुढं गेला की उतरवायची, डबी आधी बाहेर काढायची, आणि गरम दूध वेगळं द्यायचं. आठ मिनिटं, कधी नऊ. घड्याळ न बघता तिला कळायचं.

एक दिवस बाहेरच्या खोलीत ओळखीचा खोकला ऐकू आला. पुतळाबाईनं दाराच्या फटीतून पाहिलं. आण्णासाहेब! माळावर त्यांची तीस एकर खडकाळ जमीन होती, तिथं कुसळाशिवाय काही उगवत नसे. नव्या पवनचक्क्यांसाठी कंपनीनं ती भाड्यानं घ्यावी म्हणून ते शिवशंकरच्या मागं लागले होते. शिवशंकर आत आला, स्वतःच ट्रे उचलून घेऊन गेला. बाहेरून आवाज आला, "वा! असली कॉफी तर पुण्यातबी मिळंना, साहेब."

पुतळाबाई ओट्याला धरून उभी राहिली. हसू की रडू, तिला कळेना. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं आण्णासाहेब घटाघटा पीत होते, आणि त्यांना ठाऊक नव्हतं!

तिथून आठ महिने हेच चाललं. आण्णासाहेब दोन दिवसांआड येत, दोन कप पीत. दुसरी एखादी असती तर कॉफीत थुंकली असती, मूठभर मीठ टाकलं असतं. पुतळाबाई तसली नव्हती. तिची कॉफी दिवसेंदिवस चांगलीच होत गेली. चांगली झाली तर तो जास्त पिईल, आणि जास्त पिईल तेवढा जास्त बाटेल, असा तिचा विचार. दाराआडून ती त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होताना बघायची आणि मनात म्हणायची, पी. अजून पी.

दीक्षा सुट्टीला आली तेव्हा तिनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं आई, बाटणं-बिटणं आपण मानतो का?"

"आपुन न्हाय मानत. त्यो मानतो न्हवं? मग त्याला लागू."

"आणि सांगणार कधी त्याला?"

"बेस पोटात मुरू दे."

डिसेंबरात पुतळाबाईला वाटलं की आता मुरलं. आण्णासाहेब आले होते, शिवशंकर मोबाईलला रेंज धरायला अंगणात गेला होता. तिनं पदर खोचला, ट्रे स्वतः उचलला आणि बाहेर जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. आता याचं तोंड पांढरं पडणार, हा तोंडातली कॉफी टाकायला मोरीकडं पळणार. अकरा वर्षं तिनं या तोंडाची वाट पाहिली होती.

आण्णासाहेबांनी पेपरातून मानही वर केली नाही. "ठेव पुतळाबाई. आज जरा जास्त उकळलीस व्हय? वास कडू येतोय."

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "तुमाला... ठावं हुतं?"

"पयल्या दिसापासनं. खिडकीतनं दिसत हुतीस की."

"मंग पिता कसं?"

आण्णासाहेबांनी कप उचलला, फुंकर मारली, एक घोट घेतला. मग जणू लहान पोराला समजावतात तसे हसले. "अगं, हितं कोण बघतंय?"

पुतळाबाई आत आली आणि तिनं गॅसवरचा पर्कोलेटर तसाच धडधडू दिला. कॉफी जळाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं तर मांजरानं डोळे सताड उघडे ठेवले होते, आणि डोळे मिटून बसली होती ती पुतळाबाई. आपण सूड घेतोय म्हणून ती खूश, आणि तो फुकटची कॉफी पिऊन खूश! पण तिला खरी आग लागली ती दुसऱ्याच गोष्टीनं. या माणसाचा बाटण्यावर विश्वासच नव्हता. कधीच नव्हता. मनापासून विटाळ मानणारा माणूस अडाणी म्हणून तिनं एकवेळ सोडून दिला असता. यानं काहीही न मानता, भावजयीला चिकटवायला आणि चार लोकांत मान राखायला तिची खिचडी गोठ्यात नेली होती. त्या दिवशी बघणारे होते, एवढंच.

बरं, म्हणाली पुतळाबाई. मग बघणारे आणू.

सव्वीस जानेवारीला कंपनीनं शाळेला बांधून दिलेल्या नवीन स्वयंपाकघराचं उद्घाटन होतं. शिवशंकर पाहुणा, आण्णासाहेब अध्यक्ष, आणि जमिनीच्या करारावर सह्या फेब्रुवारीत. पुतळाबाईनं आदल्या दिवशी शिवशंकरला म्हटलं, "साहेब, शाळंत तुमाला साखरेचा पाक पाजतील चहा म्हनून. म्या कॉफी घिऊन येऊ का?" त्याला कोण आनंद झाला! त्यानं तिला, छोट्या शेगडीला आणि पर्कोलेटरला जीपमध्ये पुढं बसवून नेलं.

झेंडा झाला. पोरांचं लेझीम झालं. सतरंजीवर गाव बसलं होतं, त्यात अकरा वर्षांपूर्वी डबे भरून देणाऱ्या आयाही होत्या. आण्णासाहेबांनी भाषण ठोकलं, "आपल्या गावात भेदभाव औषधालासुदिक सापडायचा न्हाय." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत पुतळाबाईनं व्हरांड्यावर, खुर्च्यांच्या अगदी पुढ्यात, शेगडी पेटवली.

गाव भाषण विसरून काचेच्या गोटीकडं बघायला लागलं. बुडबुडे उडायला लागले, रंग चढायला लागला, वास शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुतळाबाईनं अजिबात घाई केली नाही. पहिला कप तिनं शिवशंकरला दिला. दुसरा भरला, दूध घातलं, दोन चमचे साखर ढवळली आणि आण्णासाहेबांपुढं धरला.

"घ्या. तुमची."

आण्णासाहेबांनी सतरंजीकडं पाहिलं. "आज उपास हाय माझा."

"उपासाला कॉफी चालती की वो," मागून कुणीतरी बाई सरळ मनानं म्हणाली.

"क्या आण्णासाहेब!" शिवशंकर मोकळेपणानं हसला, आणि त्याचा आवाज मुळातच मोठा. "नौ महीने से दो-दो कप पीते हो अम्मा के हाथ का! आज शरम?"

गावानं आधी आण्णासाहेबांकडं पाहिलं, मग पुतळाबाईकडं, मग एकमेकांकडं. कपातून वाफ निघत होती. एका बाजूला गाव होतं, दुसऱ्या बाजूला तीस एकर. आण्णासाहेबांनी कप घेतला आणि पिऊन टाकला. तोंड भाजलं असणार. पुतळाबाईला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण खरी वेळ त्यानंतर आली. शिवशंकरनं आपला कप संपवला, उठला, अंगणातल्या नळावर जाऊन विसळला आणि पुतळाबाईच्या पिशवीत आणून ठेवला. साइटवर तो रोज तेच करायचा, त्याला त्यात काही वाटलंही नाही. आण्णासाहेब मात्र रिकामा कप घेऊन बसले. त्यांनी शिपायाकडं पाहिलं. शिपाई उठणार, तोच पुतळाबाई बोलली. फार मोठ्यानं नाही, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतपत.

"धुऊन ठिवा, आण्णासाहेब."

सतरंजीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. गावातल्या हॉटेलाबाहेर, बाकड्याखाली, बिनकानाचा एक कप वेगळा ठेवलेला असायचा. पुतळाबाईचा सासरा त्यातून चहा प्यायचा, स्वतः धुवायचा आणि जागच्या जागी पालथा घालायचा. मरेपर्यंत. हे त्यांतल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शिपाई परत खाली बसला. आण्णासाहेब उठले, नळापाशी गेले आणि वाकले. नळाला पाणी बारीक येत होतं, त्यामुळं कप धुवायला वेळ लागला, आणि तोवर गावातलं एकही माणूस जागचं हललं नाही.