शंभर किलोमीटरच्या आतलं लग्न

मुलीनं लग्नासाठी एकच नियम केला होता. ताटात वाढलं जाईल आणि मांडवात लावलं जाईल ते सगळं पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आत पिकलेलं असावं. तिनं तो एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. त्या जागी पूर्वी माझ्या बायकोच्या औषधांच्या वेळा असत. तो कागद श्रावणात काढला, तेव्हापासून फ्रिजचं दार मोकळं होतं. तिथं पुन्हा काही लिहिलेलं दिसलं याचंच मला बरं वाटलं.

हिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. "वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा," असं माझी थोरली बहीण म्हणाली. मुलाकडच्यांनाही ते पटलं आणि माघातला मुहूर्त धरला.

बहिणीनं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला.

"नारळ कुठून आणणार? पर्वतीवरून?"

"नारळाला सूट आहे, आत्या."

"आणि जावयाला? तो अमरावतीचा ना?"

"सहा वर्षं वाघोलीत राहतोय. आता लोकल झाला."

"हो का? मग वाढा त्यालाही ताटात."

आचाऱ्याला हा नियम समजावताना मात्र मुलीची कसोटी लागली. तो आमच्या ओळखीतला, वयस्कर माणूस. इंद्रायणी तांदळाचं नाव काढताच त्यानं हात जोडले. "ताई, त्याचा मसालेभात गोळा होतो. मुळशीचा आंबेमोहर द्या, वरणभातासाठी. मसालेभाताचं मी बघतो, भोरकडचा एक तांदूळ आहे." काजूंवरून तर तो माझ्याकडे वळला. "साहेब, काजू नसतील तर लोक म्हणतील, मुलीच्या बापानं हात आखडता घेतला."

"सासवडचा मटार घाला. बापाला मटार आवडतो," मुलगी म्हणाली. हे खरं होतं. पण ते हिला ठाऊक होतं तसं मुलीलाही ठाऊक असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

फुलांसाठी आम्ही दोघं एका रविवारी वाघोलीच्या पुढं गेलो. नव्या इमारतींच्या मधोमध एका बाईंची शेवंती उभी होती. पदर खोचून त्या वाफ्यातून बाहेर आल्या. "पांढरी तवर संपंल. पिवळी हाय, झेंडू हाय, निशिगंध तर किती बी न्या." मग मुलीकडे पाहून म्हणाल्या, "आयला नाय आणलं व्हय? लग्नाची फुलं आयनं बघावीत."

"आई नाहीये," मुलगी म्हणाली.

बाई पुन्हा वाफ्यात वाकल्या. त्यांनी दोन फुलं खुडली, एक मुलीच्या हातात दिलं आणि एक माझ्या. मला त्या फुलाचं काय करावं ते कळेना. मी ते खिशात ठेवलं.

इथपर्यंत मी सगळ्यात होतो. याद्या करत होतो, फोन करत होतो. हे मला जमत होतं. मग गुरुजी आले.

लग्नाच्या सकाळी पुण्याहवाचनाला आईवडील जोडीनं बसतात. गुरुजींनी विचारलं, "आपण एकटेच बसणार ना? मग कमरेला सुपारी खोचावी लागेल. पत्नीच्या ठिकाणी." तुपाची वाटी लागेल, असं सांगावं तितक्या सहज ते म्हणाले. त्यांचा काही दोष नव्हता. विधुरानं धर्मकार्य करायचं तर तशी रीतच आहे, आणि मी ती पुस्तकांत वाचलेलीही होती. पण एकतीस वर्षं जी शेजारी बसली तिच्या जागी सुपारी, हे मला ऐकवेना. मी म्हणालो, "धाकटा भाऊ आणि भावजय बसतील."

बहीण लगेच म्हणाली, "तेच बरं. तुला नाही झेपायचं."

मुलगी मटार सोलत होती. गुरुजी जाईपर्यंत ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "बाबा, तू बसणार नसशील तर मला ते पुण्याहवाचन नको. सरळ रजिस्टर करते."

"काका-काकू परके आहेत का?"

"परके नाहीत. पण ते आईबाबा नाहीत."

ज्याला उत्तर सुचत नाही तो नियमावर बोट ठेवतो. मी म्हणालो, "सुपारी तुझ्या शंभर किलोमीटरमध्ये बसत नाही. पुण्यात कुठे पिकते?"

तिनं खरंच फोन काढला. "चांगली सुपारी श्रीवर्धनची. दीडशेच्या वर आहे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. हिचं माहेर श्रीवर्धनचं. घरामागं सुपारीची वाडी, वाडीत विहीर.

"म्हणजे आईसुद्धा नियमात बसली नसती," मुलगी म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. घाटावर आल्यावरही ती पहिली दहा वर्षं पुण्याच्या पाण्याला नावं ठेवायची, हे आठवून मी जरा जास्तच हसलो. नंतर मला डोळे पुसावे लागले. मुलीनं उठून फ्रिजवरच्या कागदाखाली लिहिलं, "आई सोडून."

तिच्या मामानं आठवड्यात वाडीतली सुपारी पाठवली. मागितली होती एक, त्यानं पिशवीभर दिली. त्यातली कोणती घ्यायची, यात माझी एक अख्खी दुपार गेली. बाजारातली असती तर कोणतीही चालली असती. अखेर एक जरा चपटी, एका बाजूला डाग असलेली घेतली. ज्या विहिरीचं पाणी हिनं लहानपणी प्यायलं, त्याच पाण्यावर ही सुपारी वाढली होती. सुपारी म्हणजे ती नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिच्या घरचं कुणीतरी शेजारी असेल, एवढं मला पुरे होतं.

लग्नाच्या सकाळी मी पाटावर बसलो. धोतराच्या निऱ्यांजवळ सुपारी खोचलेली होती, डावीकडे मुलगी होती. समोर झेंडू, निशिगंध आणि वाफ्यावरच्या त्या बाईंची पिवळी शेवंती. गुरुजी रोजच्या लयीत सांगत होते, पाणी सोडा, अक्षता वाहा. आणि त्याच लयीत, मान वर न करता, दर जोडप्याला सांगतात तसं ते म्हणून गेले, "बाईंनी यजमानांच्या हाताला हात लावावा."

हॉलमध्ये खुर्च्यांचे आवाजसुद्धा थांबले. गुरुजींनी जीभ चावली, "माफ करा" म्हणायला तोंड उघडलं. माझा उजवा हात पळीत पाणी घेऊन तसाच राहिला होता. डावा कमरेशी केव्हा गेला, ते मला कळलं नाही. बोटांखाली सुपारी लागत होती.

मागं बसलेल्या बहिणीनं ते पाहिलं असावं.

"लागलाय हात," ती म्हणाली. "तुम्ही मंत्र म्हणा, गुरुजी."

मी पाणी सोडलं.