कमिटीत विचारलेला प्रश्न

आबाजी गेल्याचे मला कळले ते शाळेच्या दारात, पायांत वहाणा घालताना. त्यांच्या आळीतला एक कासार धापा टाकत आला आणि "मास्तर, चला, आबाजी आटपले" एवढेच म्हणाला. मला रडू आले नाही. राग आला. तलावाच्या पाळीवरून त्यांच्या घराकडे जाताना वाटेत रावबहादुरांचा बंगला लागतो. बंगल्याच्या सज्जात रावबहादूर आरामखुर्चीत बसून सुपारी कातरीत होते. मला घाईने जाताना पाहून त्यांनी मान हलवली. मी हलवली नाही. महिना उलटून गेला तरी तो राग तसाच आहे, आणि हा लेख मी त्या रागानेच लिहीत आहे. संपादकांना तसे सांगूनच दिला आहे. ज्यांना मृताविषयी गोड गोड वाचण्याची सवय आहे त्यांनी पान उलटावे.

आबाजी ठाण्याच्या कोर्टापुढे बदामाच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. तीस वर्षे तीच जागा, तीच चटई, तोच लिहिण्याचा लाकडी उतार. कल्याणापलीकडच्या गावांतून कुणबी, खाडीकाठचे आगरी, किरिस्तावांच्या वाडीतले भातशेतीवाले, सगळे त्यांच्याकडे येत. अर्ज लिहायचा तर कायदा ठाऊक हवा, म्हणून त्यांनी सरकारी गॅझेट वाचायला सुरुवात केली आणि पुढे ते व्यसनच लागले. दर गुरुवारी ते वाचनालयात जात, नवे गॅझेट आणि कायदेकौन्सिलाची छापील कागदपत्रे घेऊन बसत, आणि आम्हा चारपाच जणांना मराठीत अर्थ सांगत. त्यांची एक वही होती. डाव्या पानावर, एखादा सभासद गावच्या सभेत हार घालून घेताना काय बोलला ते. उजव्या पानावर, तोच सभासद कमिटीच्या बंद खोलीत काय बोलला ते, पुस्तकाच्या पानांच्या आकड्यांसकट. मी एकदा विचारले की कमिटीच्या कागदांत तर साक्षीदारांच्या जबान्या असतात, सभासदांचे बोलणे कुठे असते? तेव्हा हसले. "अहो मास्तर, लोक उत्तरं वाचतात. तुम्ही प्रश्न वाचा. प्रश्न कोणी विचारला ते तिथं नावानिशी छापलेलं असतं, आणि माणसाच्या पोटातलं सगळं त्याच्या प्रश्नात उतरतं." तेव्हापासून मी मुलांच्या उत्तरांपेक्षा त्यांच्या प्रश्नांकडे जास्त लक्ष देऊ लागलो, हे त्यांचे माझ्यावरचे ऋण आहे.

मग जंगलाचा कायदा निघाला. आपल्या जिल्ह्यात भाताचे रोप राबावर होते, हे वाचकांना सांगायला नको. झाडांच्या फांद्या, पाला, शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरून जाळायचे आणि त्या भाजलेल्या मातीत बी टाकायचे. हा पाला तोडायलाच बंदी येणार अशी आवई उठली आणि गावेच्या गावे हवालदिल झाली. सरकारने चौकशीसाठी कमिटी नेमली आणि कौन्सिलातले सभासद म्हणून आपले रावबहादूर तीत गेले. जाण्यापूर्वी कल्याणला मोठी सभा झाली. "राबाला हात लावू देणार नाही, मी तुमचाच आहे," असे ते छाती ठोकून म्हणाले. बायाबापड्यांनी त्यांना ओवाळले. आबाजींनीही टाळ्या वाजवल्या. मी शेजारीच होतो.

वर्षभराने कमिटीच्या जबान्यांचे पुस्तक छापून आले. वाचनालयात त्याची एकच प्रत आली. आबाजींनी ते तीन गुरुवार वाचले, आणि चौथ्या गुरुवारी वही उघडून माझ्यापुढे धरली. एकेका कुणब्याला रावबहादुरांनी काय काय विचारले होते! पाला तोडणे हा आळस आहे की नाही, शेणाने भागत नाही काय, चोरून लाकूड विकता ते कबूल करा... गोऱ्या साहेब सभासदांनी सुद्धा असले प्रश्न विचारले नव्हते. मी म्हटले, "उद्याच छापायला द्या." आबाजी म्हणाले, "असं कसं? विरुद्ध बाजूला आधी नोटीस द्यायला हवी. त्यांचं काही म्हणणं असेल तर ते ऐकायला नको का?" जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेला माणूस. नोटिशीवाचून पाऊल टाकायचे नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेले. वहीतल्या मजकुराची सुवाच्य नक्कल करून, पानांचे आकडे घालून, त्यांनी ती स्वतः बंगल्यावर नेऊन दिली. रावबहादुरांनी त्यांना पाट दिला, सरबत दिले, आठ दिवसांत उत्तर देतो म्हणाले. आबाजी खूश होऊन परत आले. "मोठा माणूस आहे हो," असे मला सांगितले. मला ते वाक्य आठवले की अजून दात खावेसे वाटतात.

त्या आठ दिवसांत रावबहादुरांनी, वाचनालयाचे अध्यक्ष म्हणून, ते पुस्तक वाचायला घरी नेले. ते परत आलेच नाही. मग कल्याणच्याच पटांगणात त्यांनी सभा बोलावली आणि भरल्या सभेत आबाजींना उभे केले. "कुणी अर्जनवीस माझ्या नावावर वाटेल ते प्रश्न खपवतो आहे. पुस्तक दाखवा!" आबाजींनी वही वर केली. रावबहादूर म्हणाले, "ही तुमच्या हातची वही. मी छापील पुस्तक मागतो आहे." लोक हसले. ज्यांच्या राबासाठी हा माणूस तीन गुरुवार डोळे फोडीत बसला, तेच हसले. पुस्तक आपल्याच घरी आहे हे रावबहादुरांना पक्के ठाऊक होते, आणि आबाजींना ते सभेत बोलून दाखवण्याची लाज वाटली. घरी येताना मी विचारले तर म्हणाले, "पुराव्याशिवाय कुणाला चोर कसं म्हणायचं?" पुढच्याच आठवड्यात खोटी नालस्ती केली म्हणून वाचनालयाच्या कमिटीने त्यांचे नाव सभासदांतून काढले.

त्यांनी मुंबईला दुसरी प्रत मागितली. प्रती संपल्या, असे उत्तर आले. मी एकदा सुचवले की साक्ष दिलेल्या कुणब्यांना त्यांच्या जबानीचा छापील मराठी कागद तपासायला पाठवतात म्हणे, त्यांच्यापैकी कुणाकडे असेल. आबाजी खिन्नपणे म्हणाले, "अडाणी माणसं ती. त्यांनी कागद कशाला जपला असेल? गेला असेल कधीच पुड्या बांधायला." मलाही ते पटले. दोघेही शिकलेले ना आम्ही! खोटे लिहिणारा अर्जनवीस असा बोभाटा झाला. बदामाखाली कुणी येईना. आबाजी तरी रोज जाऊन बसत. शाई वाळायची, ते पाणी घालायचे. पावसाळ्याअखेर ताप आला आणि त्यातून ते उठलेच नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणतात, तापात ते पानांचे आकडे बोलत होते.

ते गेल्यावर चारच दिवसांनी पुस्तक वाचनालयात परत आले. रावबहादुरांचा गडी ठेवून गेला. मी उघडून पाहिले. हवी ती पाने सुरीने अगदी शिवणीलगत कापलेली होती.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे बसलो होतो तेव्हा ओसरीवर एक म्हातारा कुणबी येऊन उभा राहिला. हिरू त्याचे नाव. कल्याणच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्याचे गाव. त्याला अर्ज लिहून हवा होता. आबाजी गेले हे ऐकून तो मटकन खालीच बसला. "माजी साक्ष झाली तवा बी त्यांनीच मला धीर दिलावता," म्हणाला. मी उडालोच. विचारले, "तुला छापील कागद आला होता का रे?"

"आलावता की. हाय."

"कुठं आहे?"

"देवात. माजं नाव छापलंय, म्हनून देवात ठेवलाय. पोरानं वाचून दाखवला, मला समदा पाठ हाय."

वहिनी आतून हे ऐकत होत्या. त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "हा तर दर महिन्याला यायचा. पाणी प्यायचा आणि जायचा. कुणी विचारलंच नाही याला..." हिरूने दोन दिवसांनी कागद आणून दिला. हळदीकुंकवाचे डाग पडलेले, पण अक्षर न् अक्षर शाबूत. देवाचा कागद आहे, वापरून परत द्यायचा, एवढीच त्याची अट होती.

कापलेल्या पानांवरून गावात कुजबूज सुरू झाली होती, म्हणून वाचनालयाने दुखवट्याची सभा ठरवली. अध्यक्ष अर्थातच रावबहादूर. "मृताशी माझे वैर नाही," असे त्यांनी कळवले. अशा सभेत आधी, येऊ न शकलेल्यांची पत्रे अध्यक्षांनी वाचून दाखवायची, ही आपल्याकडची रीत. पत्रे गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. आबाजी असते तर त्यांनी आधी नोटीस दिली असती. मी दिली नाही. हिरूच्या कागदाचा वरचा भाग, जिथे नावे होती, तो आत दुमडला आणि चौथ्या पत्राखाली ठेवला.

रावबहादुरांचा आवाज चांगला. चार पत्रे त्यांनी गहिवर आणून वाचली आणि त्याच ओघात पुढचा कागद उचलला. "तुम्ही कुणबी लोक जंगलातून पाला तोडता, तो शेण गोळा करण्याचे कष्ट नकोत म्हणून, केवळ आळसाने, हे खरे ना?" शेवटच्या दोन शब्दांपाशी त्यांची जीभ जड झाली. आपलाच प्रश्न त्यांनी ओळखला. आणि मागून हिरू उभा राहिला.

"त्याच्या फुडं माजा जबाब हाय, साहेब. तुमी थांबलाव, म्हनून मी सांगतो. घरी एक बैल हाय. त्याचं शेन राबाच्या कोपऱ्याला बी पुरत नाय. पाला नाय तर रोप नाय, रोप नाय तर भात नाय. आळशी मानूस डोंगर चढून पाला आनील व्हय?"

मी जागेवरूनच म्हणालो, "घडी उलगडा, रावबहादूर. वर नाव आहे. तेही वाचा."

त्यांनी घडी उलगडली नाही. कागद टेबलावर टाकला, पागोटे सावरले आणि ते निघून गेले. जाताना त्यांना वाट द्यायला कुणी उठले नाही. म्हाताऱ्या माणसाचा असा पाणउतारा करायला नको होता, असे मला नंतर दोघांनी सांगितले. मला मात्र त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सभा उठल्यावर चिटणीस इतिवृत्त लिहायला बसले. "मास्तर, अध्यक्षांची प्रकृती बिघडल्याने ते लवकर गेले, असं लिहितो," म्हणाले. मी त्यांच्या समोर बसलो आणि म्हणालो, "झालं तेच लिहा. मी उठणार नाही." शेवटी त्यांनी लिहिले: अध्यक्षांनी कमिटीत स्वतः विचारलेला प्रश्न वाचला, उत्तर साक्षीदाराने दिले, अध्यक्ष नाव न वाचता निघून गेले, कै. आबाजींनी लिहिले होते ते खरे होते असे सर्वानुमते ठरून त्यांचे नाव पुन्हा सभासदांत घालण्यात आले. हिरूचा कागद त्याच्या देवाकडे परत गेला, पण त्याची नक्कल कापलेल्या पानांच्या जागी चिकटवली आहे. आता राहिले एकच काम. इतिवृत्ताखाली अध्यक्षांची सही लागते, त्याशिवाय ते पुरे होत नाही. सहीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. मी दर गुरुवारी दौत भरून वाचनालयात बसलेला असतो. रावबहादुरांनी यावे.