मोठी गाडी मी घेतली: सहस्रकुंडाच्या वाटेवरचे दोन दिवस

दादानं या वर्षी ट्रिपला यायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यानं कोणत्या गाडीवर बसायचं, हे मात्र मी आणि वहिनीनं फोनवर ठरवलं. वहिनी म्हणाली, “ते तिकडं तुरीत गेलेत, आत्ताच बोलून घेऊ.” मी लातूरला माझ्या चष्म्याच्या दुकानात होते. पाच मिनिटांत बोलणं उरकलं आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आधी गाड्यांचं सांगते, कारण हा ब्लॉग वाचणारे बरेचजण तेच विचारतात. एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखी वर बसून हँडलनं चालवायची गाडी. आमच्या ग्रुपमधल्या चौघांच्याही गाड्यांना चारही चाकांना ताकद मिळते, तरी त्यांच्यात दोन जाती आहेत. लहान गाडी अरुंद आणि हलकी असते. अडकली तर दोघंजण तिला एका बाजूनं उचलून काढतात. मोठीला चारजण लागतात. पण मोठीला पॉवर स्टेअरिंग आहे, पुढं लोखंडी दोर गुंडाळणारी विंच आहे, आणि खडकावरून ती म्हशीसारखी निवांत चालते. लहान गाडीवर मात्र प्रत्येक दगड हातांना कळतो.

आमच्या घरात दोन्ही आल्या त्या दादामुळे. नायगावजवळच्या शेतात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतायचा, म्हणून फवारणीची टाकी ओढायला त्यानं लहान गाडी आणली. नंतर नाद लागला. हैदराबादकडच्या कुणाच्या फार्महाऊसवरची जुनी मोठी गाडी त्यानं आणली आणि लहान मला दिली. देगलूरचे खलीलभाई या गाड्या दुरुस्त करतात, त्यांचं तीन पिढ्यांचं वर्कशॉप आहे. ते आमच्यात आले. त्यांच्या ओळखीनं निजामाबादकडचे रेड्डीअण्णा आले. पावसाळा सरला, ओढ्यांचं पाणी गुडघ्याखाली आलं की दरवर्षी आम्ही चौघं दोन-तीन दिवस कुठंतरी जायचो. दोन मोठ्या, दोन लहान.

गेल्या फेब्रुवारीत दादाला अर्धांगाचा झटका आला. अठ्ठावन्न वय. डावी बाजू गेली आणि मग थोडी थोडी परत आली. पाय बराचसा आला. हात आला म्हणायचा, इतपत आला. डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं करू द्या, नाहीतर माणूस मनानं बसतो. तो बसलाच होता. उन्हाळाभर ओट्यावरून उठला नाही. दिवाळीनंतर खलीलभाईंनी फोन करून या वर्षी इस्लापूरकडं जाऊ म्हटल्यावर त्यानं स्वतःहून हेल्मेट पुसून ठेवलं, असं वहिनीनं सांगितलं, आणि तेव्हाच आम्ही दोघींनी ठरवलं की मोठी गाडी त्याला द्यायची नाही. अंगावर पडली तर काय, हा आमचा मुद्दा होता.

अजून एक गोष्ट होती, ती मी वहिनीला सांगितली नाही. ती मोठी गाडी मला कितीतरी वर्षांपासून चालवायची होती.

पहिल्या दिवशी सकाळी सातला नायगाव सोडलं. या गाड्या रस्त्यावर चालवायला परवानगी नसते, त्या पिकअपमध्ये चढवून न्याव्या लागतात. आमच्या तिन्ही गाड्या खलीलभाईंनी ठरवलेल्या लांब पिकअपमध्ये होत्या. रेड्डीअण्णा त्यांची घेऊन परस्पर येणार होते. उमरी, भोकर, हिमायतनगर असा रस्ता. मध्ये काही तुकडे नवे आणि गुळगुळीत, काही असे की पिकअपचा ड्रायव्हर थांबून दोर पुन्हा आवळायचा. आभाळ आलेलं होतं. कापूस वेचणाऱ्या बायका ओळीत वाकलेल्या, त्यांच्या पाठीला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. दादा खिडकीकडं तोंड करून बसला होता. भोकरला खलीलभाईंनी घरून आणलेला डबा उघडला, खिचडी आणि चिंचेचा खट्टा. दरवर्षी दादा त्यावर तुटून पडायचा. या वेळी त्यानं थोडंसं खाल्लं आणि डावा हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

इस्लापूरच्या अलीकडं एका ओळखीच्या शेतात गाड्या उतरवल्या. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत या गाड्या न्यायच्या नाहीत, आणि बाकी वाटा शेतकऱ्यांच्या बांधावरून जातात, तेव्हा आधी विचारा. आमच्या वाटा खलीलभाईंनी आठवडाभर आधी येऊन विचारून ठेवल्या होत्या.

फळीवरून शेवटी दादाची मोठी गाडी उतरली. तो तिच्याकडं चालत निघाला. चावी माझ्या हातात होती. मी म्हणाले की या साली जड गाडी नको, वहिनीचंही तेच मत आहे, तू माझी घे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग चावीकडं.

“बरं,” तो म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर काय बोलायचं याची मी तयारी करून आले होते. तो लहान गाडीवर बसला, डावा हात उजव्या हातानं उचलून हँडलवर ठेवला, एकेक बोट मुठीभोवती वळवलं. मी हेल्मेटचा पट्टा लावायच्या निमित्तानं दुसरीकडं बघितलं.

लहान-मोठ्या गाड्या एकत्र असल्या की आमचा नियम असा की पुढं लहान चालते. मोठी पुढं गेली की चालवणाऱ्याच्या नकळत वेग वाढतो, मागचे लहानवाले धुळीत तिचा पाठलाग करतात आणि दमतात. म्हणून खलीलभाई पुढं, मग दादा, मग मी, शेवटी रेड्डीअण्णा. पहिला दिवस सपाट होता. हरभऱ्याची कोवळी रानं, मग सागाची विरळ झाडी, वाळकी पानं चाकाखाली कडकड मोडत होती. मला गाडी फार आवडली. एका बोटानं वळत होती. पुढं दादाची पाठ दिसत होती, थोडी डावीकडं कललेली. मी ती बघत होते आणि तरी मला गाडी आवडत होती.

सहस्रकुंडला तीनच्या सुमारास पोचलो. काळ्या खडकांतून पैनगंगा खाली पडते. पाणी पावसाळ्याच्या मानानं कमी होतं, पण आवाज छातीत येतो. पाण्याच्या कडेला जाऊ नका, खडक शेवाळलेले आहेत. दादा लांबच बसला. दरवर्षी फोटो काढायला तोच सगळ्यांना ओढायचा. या वर्षी फोटो निघाला नाही.

परतताना चहाच्या टपरीवर खलीलभाई मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. दादाला ते पाटीलच म्हणतात. “ताई, पाटलांना त्यांची गाडी द्या. लहान गाडीला पॉवर स्टेअरिंग न्हाई. दगडाचा सगळा मार हातावर येऊन राहिला त्यांच्या. उद्याची वाट आजच्यासारखी न्हाई.”

मी विचारलं, मोठी दादाच्या अंगावर आली तर उरलेले आपण तिघं ती उचलू का? खलीलभाईंनी बशीतला चहा संपवला. मुक्काम इस्लापूरच्या ओळखीच्या घरी होता, ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. (मुक्कामाला लॉज हवा असेल तर किनवटला जावं लागतं, साधे पण स्वच्छ मिळतात.) दादानं उजव्या हातानं जेवून घेतलं आणि लवकर आडवा झाला. त्याच्या डाव्या तळव्याला दोन फोड आले होते. मी त्यावर मलम लावलं. दुखतं का, विचारलं. तो म्हणाला, या हाताला नीट कळतच नाही, त्यामुळं दुखत नाही.

तेव्हा तरी मी चावी परत द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. ते दहापर्यंत हललं नाही. वाट टेकाडाच्या कुशीतून जात होती, डावीकडं उतार, खाली ओढा. माती वाहून गेल्यानं मुठीएवढे, डोक्याएवढे दगड उघडे पडलेले. माझी गाडी त्यावरून नुसती डुलत होती. दादाची उड्या मारत होती. प्रत्येक दगडाला त्याचं हँडल डावीकडं झटका खाई आणि तो उजव्या हातानं ते ओढून सरळ करी. पण उजव्या अंगठ्याखालीच तर वेग असतो. ओढायला जोर लावला की अंगठा दाबला जायचा आणि गाडी पुढं झेपावायची. हे मला मागून स्पष्ट दिसत होतं. मी हॉर्न वाजवून सगळ्यांना थांबवू शकत होते. मला वाटलं, एवढा तुकडा संपला की थांबू.

एका दगडावर त्याचं पुढचं चाक चढलं. हँडल फिरलं, डावा हात सुटला आणि खाली लोंबला. गाडी उताराकडं वळली, कलली, आणि अगदी सावकाश, मला तरी सावकाशच वाटलं, दादाला घेऊन आडवी झाली. अर्धी गिरकी घेऊन ती एका सागाच्या बुंध्याला टेकली. तो खाली होता.

मी कशी उतरले, आठवत नाही. खलीलभाई पुढून पळत आले. त्यांनी मागचं कॅरियर धरलं, मी पुढचं, आणि गाडी एका दमात वर आली. खरंच सांगते, वजन लागलं नाही. रेड्डीअण्णा पोचेपर्यंत आम्ही ती बाजूला लोटली होती. दादाचे डोळे उघडे होते. चेहऱ्याला माती लागली होती. तो छातीवर हात ठेवून श्वास शोधत होता.

“पाय हलवा पाटील,” खलीलभाई म्हणाले. दोन्ही पाय हलले. उजवा खांदा मात्र हलेना, गळ्याजवळचं हाड वर आल्यासारखं दिसत होतं. चांगला हात. तोही गेला, असं माझ्या मनात आलं.

तिथून डांबरी रस्त्यापर्यंत दादाला आणलं ते मोठ्या गाडीनं. रेड्डीअण्णांच्या गाडीला मागं दुसरी सीट आहे. खलीलभाईंनी दादाचा हात गमछ्यानं छातीशी बांधला, दुसऱ्या गमछ्यानं त्याला अण्णांच्या पाठीशी बांधलं. अण्णा सगळी वाट पायी चालण्याच्या वेगानं आले आणि दर थोड्या वेळानं “नोप्पी उंदा? दुखतंय का?” असं विचारत राहिले. दादानं एकदाही हो म्हटलं नाही. लहान गाडीवर असं कुणाला आणताच आलं नसतं, हेही इथं लिहून ठेवते. रस्त्यावर पिकअप बोलावली आणि संध्याकाळपर्यंत नांदेडच्या दवाखान्यात पोचलो. गळ्याजवळचं ते हाड, कॉलरबोन, मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडे. ऑपरेशन लागलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी खलीलभाईंना म्हणाले, तुमचं ऐकायला हवं होतं.

“लहान होती म्हणून आपण दोघांनी उचलली,” ते म्हणाले. “मोठी असती तर कदाचित पडलीच नसती. दोन्ही खरं हाय ताई. यातलं एक निवडून तुम्हाला देऊ शकत न्हाई मी.”

वहिनी आली तेव्हा रडली नाही. तिनं दादाच्या तोंडावरची माती ओल्या रुमालानं पुसली आणि मला म्हणाली, “आपण दोघींनी केलं हे.” ती ‘आपण’ म्हणाली, याबद्दल मी तिचे उपकार मानते.

याला आता दोन महिने झाले. लोक मला मेसेज करून विचारतात, ग्रुपमध्ये जायचं तर लहान गाडी घ्यावी की मोठी. मी त्यांना सांगते की अरुंद वाट, नवखा चालक, मोकळी माती असेल तर लहान बरी. दगड असतील, दूरचा पल्ला असेल, हात दुबळे असतील तर पॉवर स्टेअरिंगची. हे सगळं बरोबर आहे, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

मागच्या रविवारी नायगावला गेले होते. दादाचा पट्टा निघाला आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही अजून, डावा होता त्याहून थोडा मागं गेला आहे. वहिनी त्याला भरवते. तो तोंड उघडतो, पण भिंतीकडं बघत. यापुढं तो कुठल्याच गाडीवर बसणार नाही, हे घरात कुणी बोललेलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी वहिनी आत गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले. गेले दोन महिने जे विचारायचं होतं ते विचारलं. त्या सकाळी मी चावी तुझ्या हातात दिली असती, तर तू कोणती गाडी घेतली असतीस?

त्यानं विचार केला. खरंच केला, माझं मन राखायला नाही.

“लहानच घेतली असती,” तो म्हणाला. “तेवढी अक्कल हाय मला. हाताचं मलाच माहीत होतं ना.”

मला क्षणभर हलकं वाटलं. मग तो म्हणाला, “पण ती मी स्वतः घेतली असती, वैशे. आणि दुसऱ्या दिवशी फोड बघून मीच म्हणलो असतो, आज न्हाई जमत, मी इथंच बसतो. तुम्ही दिलेली होती. दिलेली गाडी कशी सोडायची?”

आतून वहिनीनं विचारलं, चहा ठेवू का. मी होकार द्यायला तोंड उघडलं, आणि मग थांबून दादाला विचारलं, तुला हवा आहे का.

“नको,” तो म्हणाला.