बरगडी रस्त्यापलीकडे गेली

समोरच्या हॉटेलापाशी पाहुण्यांची बस थांबली की दोरिव्हाल झानेलाच्या पोटात दुखायला लागायचं. आणि धबधब्याच्या मोसमात बसेस काही कमी थांबत नसत.

फोझ शहराच्या त्या रस्त्यावर भट्टीची दोन हॉटेलं समोरासमोर. रीत दोन्हीकडे एकच: एकदा पैसे भरायचे आणि बसायचं. वाढपी सळईवरचं मांस घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात, ते पोट फुटेस्तोवर खायचं. टेबलावरच्या चकतीची हिरवी बाजू वर असली की ते वाढत राहतात, लाल केली की थांबतात. धबधबा बघून आलेली माणसं मधोमध उभी राहतात, माना इकडेतिकडे वळवतात आणि बहुतेक समोर जातात. समोर काचेच्या भिंती, गार हवा, गोडाचं लांबलचक टेबल, आणि मांसाच्या हॉटेलात चक्क सुशी! इकडे विटांचं जुनं घर, लाकडी बाकं आणि भट्टीशी दोरिव्हाल.

तेही त्याने गिळलं असतं. पण समोरच्या भट्टीवर होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, लेओमार. त्याला गावाहून आणलं दोरिव्हालने, जाडं मीठ कसं मारायचं आणि निखारा कसा पसरायचा ते शिकवलं दोरिव्हालने, आणि हात बसल्याबरोबर पठ्ठ्या रस्ता ओलांडून गेला. आता तिकडच्या दारावर त्याचा टोपी घातलेला फोटो होता, माणसाएवढा. दोरिव्हालला रोज सकाळी आधी त्याचं दर्शन घ्यावं लागे.

तसं हे लहानपणापासूनचंच होतं. बाबांबरोबर द्राक्षमळ्यात जायचे दोघंही. येताना टोपल्या दोरिव्हालच्या डोक्यावर असायच्या आणि लेओमार बाबांच्या खांद्यावर.

त्या शनिवारी बाबा येणार होते. गावच्या म्हाताऱ्यांची सहल निघाली होती; सकाळी धबधबा आणि मग जेवण. जेवण एकच होतं. ते कुणाच्या भट्टीवर होणार, एवढाच प्रश्न दोरिव्हालला आठवडाभर खात होता. त्याने अंधारातच उठून गाईची अख्खी बरगडी भट्टीत लावली. बाबांना कवळी लागली होती; हाडावरून आपोआप सुटेल असं मऊ मांसच त्यांना चालायचं. त्याला अर्धा दिवस मंद आच लागते, आणि तेवढा वेळ त्याने भट्टीपाशी कुणालाही फिरकू दिलं नाही.

दुपारी बस आली आणि दोन्ही हॉटेलांच्या मधे थांबली. समोर लेओमार टोपी काढून हवेत फिरवत होता, ओरडत होता.

"तुम्ही पण जा की दारात," गल्ल्यावरची नेल्सी म्हणाली. "निदान हात तरी करा."

"मी काय भाजी विकतोय ओरडायला? बाप आहे माझा. त्याला कळतं कुठे यायचं ते."

तरी तो दारापर्यंत गेला, आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

बसच्या दारातून गाइड पोरगी मोठ्याने म्हणाली, "ओलिव्हियोकाका, दोन्हीकडे तुमचीच पोरं! आता तुम्ही म्हणाल तिथे जेवायचं."

बाबा पायरीवर उभे राहिले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काठी उचलून समोरच्या दाराकडे केली. सगळी बस आनंदाने तिकडे उतरली.

दोरिव्हाल आत आला आणि त्याने एक सळई इतकी जोरात आपटली की दोन गिऱ्हाइकांनी चकत्या लाल केल्या.

"गोडाच्या टेबलासाठी गेले असतील हो," नेल्सी म्हणाली.

"बाबांना साखर आहे."

दोरिव्हाल खिडकीशी गेला. काचेपलीकडे बाबा गळ्यात रुमाल अडकवून बसलेले दिसत होते आणि लेओमार स्वतः वाढत होता. जळफळाट म्हणजे काय ते त्या अर्ध्या तासात दोरिव्हालच्या तोंडाकडे बघून कळलं असतं.

मग मागच्या दारात लेओमार उभा राहिला. घामाघूम, टोपी हातात.

"दादा, बरगडी आहे?"

"का? तुमच्याकडे नाही? एवढा मोठा फोटो आहे की दारावर."

"आमचा मालक बरगडी करू देत नाही, भट्टी अडते म्हणतो. बाबांना पिकान्याचं मांस चावत नाहीये रे. चकती हिरवीच ठेवलीय त्यांनी, जो येतो तो वाढतोय. ताटात ढीग झालाय, आणि बाबा नुसता मक्याचा मऊ पोलेंटा खातायत आणि म्हणतायत, झकास आहे, झकास आहे."

दोरिव्हालला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. "मग आण की त्यांना इकडे."

"सगळ्या गावासमोर उठवू? त्यांनीच निवडलंय ना. मी सांगतो त्यांना, दादाची आहे म्हणून."

"हो, सांगशील!"

नाही म्हणायचं तोंडाशी आलं होतं. बसू दे उपाशी, कळू दे लाडक्याचं हॉटेल. पण बाबांचं ते पोलेंटा चघळणारं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. त्याने सुरी घेतली. आधी कडेचा सुका तुकडा कापला. मग तो बाजूला सारला आणि मधली, रसाने चकाकणारी बरगडी थाळीत ठेवली. लेओमारने थाळी दोन्ही हातांनी धरली आणि रस्ता धावत ओलांडला.

दोरिव्हालने खिडकीतून बघितलं. बाबांनी एक घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. आणि मग हात वर करून लेओमारचा गाल थोपटला. गाल लेओमारचा! दोरिव्हाल भट्टीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

जेवण झाल्यावर काठी टेकत बाबा एकटेच इकडे आले आणि बाकावर बसले.

"चांगली होती बरगडी."

"लेओमारने सांगितलं?"

"सांगितलं की. पण मला आधीच कळलं होतं. इतका वेळ निखाऱ्याशी बसायला त्याला धीर कुठला?"

दोरिव्हालने तरी विचारलंच. "मग तिकडे का गेलात?"

बाबांनी काठी समोरच्या दाराकडे केली. "तो टोपी फिरवत होता, येड्यासारखा. तू हाताची घडी घालून उभा. मला वाटलं, गावची सगळी म्हातारी माणसं घेऊन आलोय, तुला लाज वाटतेय आमची."

"बाबा, अंधारात उठून तुमच्यासाठीच तर लावली होती!"

"ते मला रस्त्यावरून कसं दिसणार रे?"

बसचा हॉर्न वाजला. दोरिव्हालने बाबांचा दंड धरला आणि त्यांना सोडायला निघाला. बसच्या पायरीशी लेओमार बाबांची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन आधीच उभा होता. ते बघून दोरिव्हालच्या मनात आलं, हे मला का नाही सुचलं?