मोहराच्या काड्यांचं रान

देवरूखजवळच्या वाडीत महिपत रेल्वेतून निवृत्त होऊन आला आणि सहा महिन्यांत पडवीतच रेल्वे मांडून बसला. लेकीनं, संध्यानं, मुंबईहून खेळातली गाडी पाठवली होती: इंजिन, चार डबे, गोल रूळ. नातवंडांसाठी असेल, असं त्याच्या बायकोला, दमयंतीला वाटलं. कसली नातवंडं! त्यानं दोन बाकांवर प्लायवूड टाकलं, जांभ्याची लाल माती चाळून पसरली आणि तीस वर्षं ज्या रुळांवरून हातोडा घेऊन चालला, तेवढाच पट्टा मांडायला घेतला.

अडलं ते झाडांपाशी. विकतची झाडं प्लास्टिकची, कोबीच्या गड्ड्यांसारखी, आणि किंमत अशी की त्यात खरी कलमं आली असती. मग त्याला सापडल्या मोहराच्या काड्या. फळ धरलं नाही की मोहर वाळून गळतो. ती काडी म्हणजे हुबेहूब झाड, खोड, फांद्या, फांद्यांना फाटे. तीन-चार एकत्र बांधल्या की झाला डेरेदार आंबा. पानांसाठी लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून, वाळवून चाळायचा. त्यात चहाची गाळणी कामी आली, तेव्हा दमयंतीनं त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. चिकटवायला पठ्ठ्यानं फुकटची भाताची खळ वापरली आणि चार दिवसांत झुरळांनी अख्खं जंगल फस्त केलं. मग लावला काजूचा डिंक. त्याला किडा शिवत नाही, हे कोकणातल्या माणसानं विसरावं म्हणजे कमालच!

काड्या मिळायच्या खंडूच्या बागेत. खंडू त्याचा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात. रेल्वेसाठी जमीन गेली तेव्हा बापानं लावलेला आंबा तुटला. सह्या दोघांच्या, पण जमिनीच्या बदल्यात मिळणारी नोकरी लागली महिपतला. तेव्हापासून खंडू त्याच्याशी बोलत नव्हता. लग्नकार्यात त्याच्या पानावर भात वाढायचा, पण शब्द नाही. महिपतला ते फार लागायचं. खरं सांगायचं तर सगळी मांडामांड त्यासाठीच होती. तो आंबा पुन्हा उभा करायचा आणि दादानं तो बघायचा, एवढंच त्याला हवं होतं. पण बोलावणार कुठल्या तोंडानं?

आपल्या बागेतला कचरा हा रोज गोळा करून नेतो कशाला, हे बघायला शेवटी खंडू स्वतःच आला. महिपतनं गाडी सुरू केली. वळणावर, रुळांच्या कडेला, सात काड्यांचा मोठा आंबा उभा होता. खंडूनं तो बराच वेळ निरखला. मग वाकून तो उपटला आणि दोन रुळांच्या मधोमध धरला.

"कडंला नाय. हितं व्हता."

महिपतनं घाईनं गाडी थांबवली. जागा त्याला पहिल्यापासून ठाऊक होती. गाडी अडू नये म्हणून त्यानं झाड कडेला सरकवलं होतं. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"व्हय दादा. तितंच व्हता," तो म्हणाला.

त्यानं वळणावरचे रुळांचे दोन तुकडे काढले, मोकळ्या मातीत डिंक ओतला आणि आंबा तिथं बसवला. डिंक धरेपर्यंत खंडूनं खोड दोन बोटांनी सरळ धरून ठेवलं. मग खुर्ची ओढून तो बसला.

"सोड गाडी."

महिपतनं सोडली. आंब्यापाशी आल्यावर थांबवली आणि मागं घेतली.