मास्तरीण बाळंत झाली तेव्हा

तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेतली नव्हे, कपड्यांच्या कारखान्यातली कटिंग मास्तर. कापडाचे वीस थर एका दमात कापायची, सूतभरही इकडचं तिकडे व्हायचं नाही.

तिला मुलगी झाली. धडधाकट, खणखणीत आवाजाची. पहिले काही दिवस मास्तरीण सारखी रडायची. बाळंतपणात होतं असं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण महिना उलटला तरी तेच. पोर झोपली तरी हिचा डोळा लागेना. पाजताना ती भिंतीकडे बघत बसे.

"अगं, पोरीकडे बघ तरी," सासूबाई म्हणायच्या. "माझी चार झाली. मला कुठली उसंत असं बसायला?"

एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "माझी घरातली कात्री कुणाला तरी देऊन टाका."

"का? काम सोडायचंय?"

त्याने कात्री नेली आणि विषय तिथेच संपला.

पोर दीड महिन्याची झाली तेव्हा ती तिला लस द्यायला दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. लस टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिचं छान चाललंय. तुमचं काय?"

"दमलेय."

"झोप होते?"

"येतच नाही." सासूबाई बाहेर बाकावर होत्या. तिने भराभर सांगून टाकलं, "माझ्या हातून हिला काही होईल, असं सारखं मनात येतं. मला तसं करायचं नाहीये हो. मी वाईट आई आहे."

"आजारी आहात. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना हे नैराश्य येतं, आणि ते बरं होतं. जीव द्यावासा वाटतो का?"

"मी नसते तर बरं, असं वाटतं."

सिस्टरनी रांग थांबवली आणि तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या, दर आठवड्याला बोलायला येणं, सलग झोप, आणि तूर्तास तिला एकटं सोडायचं नाही. बाईंनी सासूबाईंनाही सगळं समजावलं.

परतताना सासूबाईंनी पोरीला स्वतःकडे घेतलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला मीही अशीच होते. कुणी विचारलंच नाही."

गोळ्यांनी तीन आठवडे काहीच फरक पडला नाही. तिला त्या फेकून द्याव्याशा वाटल्या. पुढे कधीतरी पोर शिंकली आणि स्वतःच्याच शिंकेला दचकली. मास्तरीण हसली. सासूबाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

आता ती अर्धा दिवस कामावर जाते. गोळ्या चालू आहेत. एखादा दिवस जडच उगवतो. तेव्हा ती नवऱ्याला सरळ सांगते, "आज नाही जमत," आणि तो पोरीला घेऊन गच्चीवर जातो.