दांडा कायचा हाये?

पार्वताबाई दुकानात ब्रश घ्यायला गेली की आधी विचारायची, "दांडा कायचा हाये?" दुकानदार वैतागायचा. मीही वैतागायचे. दात घासायच्या काडीची एवढी काय चौकशी?

सौंदडला ती माझी शेजारीण. गावचा तलाव तिच्या सासरच्या पूर्वजांनी बांधलेला. लोक पाळीवर, तलावाच्या बांधावर, दात घासून जुने ब्रश पाण्यात भिरकावतात, हे तिला सहन होत नसे. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती टोपली घेऊन चिखलातून ब्रश वेचायची. मी हसले तर म्हणायची, "हास ना व. हा लाल तुयाच घरचा हाये."

मग तिनं ऐकलं की जुनं प्लास्टिक वितळवून केलेले ब्रश निघालेत. "नवं प्लास्टिक कायले पाहिजे? एवढं पडून हाये ना!" तेवढ्यासाठी तिनं मला दोनदा रेल्वेनं गोंदियाला नेलं. दुसऱ्या खेपेला एका दुकानदारानं हिरव्या पानाचं चित्र असलेली पाकिटं पुढं केली. "अम्मा, यही है, रिसायकल वाला." बाई खूश. बचत गटाच्या सगळ्या बायकांना तिनं घरोघर जाऊन ब्रश वाटले.

आठ दिवसांनी माझ्या नातीनं पाकिटावरचं इंग्रजी वाचलं. जुन्या कागदाचं होतं ते फक्त पाकीट. ब्रश नव्या प्लास्टिकचाच.

मी म्हटलं, "जाऊ दे व, कोणाले समजते?"

"मले समजते ना. एवढ्या घरी खोटं बोलून आली मी."

ती पुन्हा दारोदार गेली. "मी फसली. आता झिजेपर्यंत वापरा, पन तलावात फेकू नोका. मले आनून द्या."

"उष्ट्या ब्रशचं लोनचं घालता का, काकी?" एकीनं विचारलं.

"घालीन. अन् पयले तुलेच वाढीन."

बायकांनी ब्रश आणून दिले. पिशवी भरली. ते घेणारा कोणी तिला सापडला नाही, जुन्या प्लास्टिकचा खरा ब्रशही नाही. मागच्या हिवाळ्यात तापानं गेली. तिची सून ती पिशवी फेकायला पाळीकडे निघाली, तेव्हा मी चडफडत ती माझ्या घरी आणली. पडवीत खुंटीला टांगली आहे.

आता गोंदियाला मीच विचारते, दांडा कायचा हाये. धड उत्तर कोणी देत नाही. ब्रश कोणता घ्यायचा, जुने कुणाला द्यायचे, काहीच न सांगता बाई गेली.

काल माझा ब्रश झिजला. त्याच पिशवीत टाकला. आज बोटानं दात घासले.